ओतूरचा ठिपका

आपलं नाव घेऊन कुणी कॉलेजात चौकशी करत येईल, असं कुशाबाईला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिला हाक यायची ती 'ओ मावशी' नाहीतर 'लॅबवाल्या बाई' अशी. त्यामुळे २००७ सालच्या एप्रिलात, परीक्षा चालू असताना, खांद्याला पिशवी अडकवलेली एक मुलगी प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाली, "कुशाबाई सावळाराम कुठं भेटतील?" तेव्हा हातातलं फडकं तसंच धरून कुशाबाई तिच्याकडं बघत राहिली.

"मीच. का गं? पोराचा काय निरोप हाय का?"

"नाही हो मावशी, तसं काही नाही." मुलगी हसली. "मी तेजस्विनी. पुण्याला झाडांवर संशोधन करते. गाव माझं लोणी, आंबेगावातलं. तुम्ही चौऱ्याण्णव साली एक झाड गोळा केलं होतंत, ते बघायला आलेय."

"लोणीची व्हय? मग आमच्याकडचीच म्हनायची की. माझं सासर निरगुडसर." एवढं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "कोनचं झाड?"

कोणतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या नावाचं झाड एकच होतं.

वाळवलेल्या झाडांची चार लोखंडी कपाटं जिन्याखाली होती. पूर्वी त्यांना स्वतंत्र खोली होती, खिडकीला जाळी होती, दारावर पाटी होती. तो काळ सरांचा. सर म्हणजे वनस्पतिशास्त्राचे सर. नुसतं 'सर' म्हटलं की कॉलेजात तेच समजायचे. ते निवृत्त होऊन गावी गेले आणि दोन वर्षांत वारले. पुढं कॉम्प्युटर आले, त्यांना खोली लागली, आणि कपाटं जिन्याखाली आली. किल्ल्या तेवढ्या कुशाबाईच्या कमरेला राहिल्या. त्या कुणी मागितल्याही नाहीत.

कुशाबाई या कामाला लागली ती नवऱ्यामागं. सावळाराम कॉलेजात शिपाई होता. शहाऐंशी साली तो गेला तेव्हा आदेश सहा वर्षांचा. संस्थेनं दया दाखवून त्याची जागा हिला दिली. पहिलं वर्ष झाडलोट करण्यात गेलं. एक दिवस दुपारच्या सुट्टीत ती गोधडी शिवत बसली होती, आणि सर मागं उभे राहून टाके बघत होते. "कुशाबाई, असे टाके कागदावर घालाल का? झाड मोडता कामा नये आणि हलताही कामा नये." तिनं घातले. तेव्हापासून सरांनी आणलेलं प्रत्येक रोप तिच्या हातात यायचं. वर्तमानपत्रात पसरून फळ्यांच्या दाबात ठेवायचं, रोज कागद बदलायचे, वाळलं की जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्यानं टाचायचं. मग उजव्या कोपऱ्यात खाली लेबल: झाडाचं नाव, ठिकाण, तारीख आणि कुणी गोळा केलं ते. दोन हजारांवर कागद तिनं टाचले होते. 'कुणी गोळा केलं' तिथं सगळीकडं सरांचं नाव होतं. एक सोडून.

तो एक कागद तिनं तिसऱ्या कपाटातून न शोधता काढला.

"अय्या, किती सुंदर टाचलंय!" तेजस्विनी खाली फरशीवरच बसली. कागदावर हातभर उंचीचं, राखाडी, लोकरी अंगाचं झुडूप होतं. फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या मऊ फुलोऱ्याच्या शेपट्या, कापसाच्या वाती वळून लावाव्यात तशा. तिनं लेबल मोठ्यानं वाचलं. "ओतूर, मांडवी नदीचा काठ, वाळूचा उंचवटा. रानटी. एकवीस फेब्रुवारी एकोणीसशे चौऱ्याण्णव. कुशाबाई सावळाराम." मग वर बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही काय शोधून काढलंय ते माहितेय का तुम्हाला?"

"सर म्हनले व्हते, वाळवंटातलं हाय."

तेजस्विनीनं पिशवीतून नकाशाची गुंडाळी काढली आणि दोन्ही बाजूंना चपला ठेवून ती पसरली. वर मारवाड, कच्छ, सगळीकडं लाल ठिपके, मुंग्यांची रांग फुटावी तसे. गुजरातेत खाली खाली येताना ते विरळ होत गेलेले. मग मोठा कोरा भाग. आणि त्या कोऱ्या भागात, सगळ्यांपासून लांब, एकटा एक ठिपका.

"ठिकठिकाणच्या कपाटांतले कागद बघून मी हे ठिपके लावलेत. प्रत्येक ठिपका म्हणजे कुणाला तरी तिथं ते झाड दिसलं होतं. आणि हा," तिनं बोट टेकवलं, "हा तुमचा. सगळा पुणे जिल्हा, नगर, नाशिक, कुठंच दुसरा नाही. वाळूतलं झाड आपणहून इतक्या लांब आलं असेल तर ती मोठी गोष्ट आहे. माझा सगळा लेख या ठिपक्याभोवती आहे मावशी. तुमचं नाव घालणार आहे मी त्यात."

कुशाबाईनं वाकून पाहिलं. तिळाएवढा होता. तिला एकदम वाटलं, पदराला हात पुसून घ्यावेत. "एवढं एकलंच का गं ते?" ती म्हणाली.

"तेच तर शोधायचंय."

चौऱ्याण्णवची ती सकाळ कुशाबाईला कालच्यासारखी आठवत होती. रविवार उलटून गेलेला, सोमवारी कॉलेजला कसलीशी सुट्टी, आणि ती गोधड्या धुवायला मांडवीवर गेलेली. कपर्दिकेश्वराच्या देवळाच्या खालच्या अंगाला, पुराचं पाणी चढत नाही अशा वाळूच्या टेकाडावर, तिनं गोधड्या वाळत घातल्या आणि तिथं ती तीन झुडपं दिसली. सात वर्षं झाडं टाचून तिची नजर तयार झाली होती. हे आपल्या कपाटात नाही, हे तिला लगेच कळलं. मग सरांनी शिकवलं होतं तसं तिनं खुरप्यानं हलक्या हातानं मुळासकट काढलं. एक आपल्या कपाटासाठी. एक पुण्याच्या मोठ्या कपाटासाठी, सर तिकडं धाडायचे. आणि एक खराब झालं तर हाताशी असावं म्हणून.

सरांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून ते पाहिलं. पुस्तकं उलटली. मग कधी नव्हे ते कुशाबाईला स्टुलावर बसायला सांगितलं आणि विचारलं, "कुठं सापडलं? कुणी लावलेलं होतं का? बाग, कुंपण, घर काही जवळ?"

"न्हाई सर. निसती वाळू. कोन लावतंय तिथं?"

तिच्या त्या उत्तरावर सरांनी 'रानटी' लिहिलं. आणि त्याखाली, स्वतःच्या नावाच्या जागी, तिचं. इंग्रजीत. तिला ती अक्षरं लागत नव्हती, म्हणून सरांनी बोट ठेवून ठेवून वाचून दाखवलं. त्या दिवशी घरी जाताना तिनं आदेशला जिलेबी नेली होती. का, ते काही त्याला सांगितलं नाही; सांगून त्याला कळलंही नसतं.

"चला, जागा दाखवता?" तेजस्विनी म्हणाली.

उन्हातून दोघी नदीवर गेल्या. टेकाड राहिलं नव्हतं. वाळू कधीच ट्रॅक्टरनं नेली होती. खाली खडक उघडा पडला होता आणि वर काटेरी बाभळी माजल्या होत्या. तेजस्विनी तासभर काठाकाठानं वाकून फिरली. कुशाबाई तिच्या मागून. काहीच नव्हतं.

"लोणीचा माळसुद्धा मी चार वेळा पालथा घालून आले," एसटी स्टँडवर उसाचा रस पिताना तेजस्विनी म्हणाली. "नाही तर नाही. कागद आहे ना, तो खोटं बोलत नाही. मी महिनाअखेर लेख पाठवतेय. हा या झाडाचा फोटो ठेवा. गावात कुणाला दाखवून बघा, अजून कुठं दिसलं असेल तर मला फोन करा. मागं नंबर लिहिलाय."

एसटी गेली. कुशाबाई फोटो पदराखाली धरून घरी आली. जून अखेरीला ती निवृत्त होणार होती. आदेश भोसरीला कंपनीत. दर रविवारी शेजारच्या दुकानात त्याचा फोन यायचा, 'बरी हायेस ना?' आणि 'ठेवतो गं, मागं लाईन लागलीय.' त्या रात्री कुशाबाईनं जेवताना फोटो पाटाच्या समोर भिंतीला टेकवून ठेवला. कुणीतरी जेवायला आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती फोटो दाखवत फिरली. भाजीवाल्या भागूनं निरखून पाहिलं आणि विचारलं, "याची भाजी व्हती का?"

"न्हाई गं."

"मग रोगावर चालतं?"

"न्हाई."

"मग कशाला शोधती बाई? चाळीस वर्सं माळव्यात काढली, ज्याचं कालवन व्हत न्हाई ते मी बगतच न्हाई."

धोंडाबाई म्हणाली हे कुरडू आहे. पोस्टमन म्हणाला असलं काहीतरी बेल्ह्याच्या बाजूला बघितलंय, पण ते काँग्रेस गवत निघालं. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती समोरच्या ओट्यावर उगमबाईकडं गेली.

उगमबाई म्हणजे झुंबरलाल शेठची बायको. मारवाडातून लग्न होऊन ओतूरला आली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती, आता सत्तरी ओलांडलेली. नवरा जाऊन पंधरा वर्षं होत आली. मुलगा सुरतेला, दुकान नातू पारस बघायचा. सूर्य मावळायच्या आत जेवून ती ओट्यावर येऊन बसायची आणि रस्त्यावरची वर्दळ थांबेपर्यंत बसून राहायची. गुडघे जागा सोडू द्यायचे नाहीत.

"काकी, पुन्याची एक पोरगी हा फोटो देऊन गेली. हे कुठं बघितलं का कधी?"

उगमबाईनं फोटो लांब धरला, जवळ धरला. आणि मग कुशाबाईनं वीस वर्षांत तिच्या तोंडून ऐकला नव्हता असा आवाज निघाला. "बुई! अरे, आ तो बुई है! म्हारी बुई!" ओतूरची मराठी बोलणारी ती बाई क्षणात दुसऱ्याच कुणाच्या अंगणातली झाली. "कुशा, कुणी दिला तुला हा? हे आमच्याकडचं गं. माझ्या माहेरी, फलोदीच्या पुढं, घराबाहेर पाऊल टाकलं की हेच. आम्ही पोरी ओंब्या तोडायचो, ओरबाडून उशीत भरायचो. कापूस काय करशील तू! उन्हाळ्यात थंड, डोक्याला लागत नाही, आणि त्याला एक वास असतो…"

"उशीत?"

"तर! मी सासरी आले ती बुईच्या दोन उशा घेऊन. मग दर दोन-तीन वर्षांनी माझा भाऊ पोतंभर ताजी आणायचा. सासू हसायची, 'ओतूरला काय कापूस मिळत नाही?' म्हणायची. पण ह्यांना सवय लागली ना. दुसऱ्या उशीवर झोप यायची नाही. नव्वद साली भावानं शेवटची आणली. मग तोही गेला."

कुशाबाई ओट्याच्या कडेला टेकली. "मंग काकी, आता कुठं हाय ती उशी?"

"हे गेले तेव्हा बाहेर काढायला लागली. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत ना. गादी एकानं नेली. पण उशी कुणी घेईना. हातात दाबून बघायचे आणि म्हणायचे, 'बाई, ह्यात काय गवत भरलंय?'" उगमबाई हसली. हसता हसता थांबली. "मग मीच नेली नदीवर. देवळाच्या खाली वाळूचा उंच ढीग होता, आठवतोय तुला? तिथं बसून खोळ उसवली आणि मूठ मूठ सोडून दिली. वारा होता. निम्मी वाळूत, निम्मी पाण्यात. खोळ धुऊन घेऊन आले."

"कवा?"

"ब्याण्णवच्या दिवाळीनंतर."

ब्याण्णवची दिवाळी, मधला एक पावसाळा, चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी. हिशोबाला बोटं लागली नाहीत.

"पण हा फोटो कुठला?" उगमबाईनं कुशाबाईचा हात धरला. "त्या पोरीनं कुठं बघितली? जवळपास आहे का इथं कुठं?"

कुशाबाईच्या तोंडून निघून गेलं, "लांब हाय काकी. तिकडं… पारनेरकडं."

घरी येऊन तिनं दिवाही लावला नाही. ती झाडं आपणहून आली नव्हती. उशीतून आली होती. 'रानटी' खोटं होतं. तिनं मुद्दाम सांगितलेलं नव्हतं, पण खोटं ते खोटंच. फोन केला की नकाशावरचा ठिपका पुसला जाणार आणि ठिपक्याबरोबर तिचं नाव. तिनं जन्मभर जी रोपं टाचली ती दुसऱ्याच्या नावावर गेली, त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण त्या एका कागदानं तिला आतून धरून ठेवलं होतं. सावळारामची जागा दया म्हणून मिळाली होती. हा कागद कुणी दया म्हणून दिलेला नव्हता. निदान तेरा वर्षं ती तसं समजत आली होती.

आणि कुणाला कळणार होतं? सर नव्हते. टेकाड नव्हतं. उगमबाईला कपाट माहीत नव्हतं, तेजस्विनीला उशी माहीत नव्हती. दोन्ही गोष्टी फक्त कुशाबाईपाशी येऊन थांबल्या होत्या. महिनाअखेरीला आठ दिवस उरले होते. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची तर तिला सवयच होती.

ती गप्प बसली. रोज संध्याकाळी ओट्यासमोरून जाताना मान खाली घालायची. "कुशा, पारनेरला कुठल्या बाजूला म्हणाली गं ती पोरगी?" उगमबाई हाक मारून विचारायची. "सुप्याकडं का टाकळीकडं?"

"तिला न्हाई म्हाईत नीट. फोन आला की इचारते."

चौथ्या दिवशी ओटा रिकामा होता. उगमबाईची पणती सिद्धी दारात पायरीवर खेळत होती. ती म्हणाली, "दादी गाडीतून फिरायला गेली. पप्पांशी भांडून त्यांनाच घेऊन गेली."

दिवस मावळायला गाडी आली. पारस आधी उतरला, तोंड तांबडं झालेलं, शर्ट घामानं भिजलेला. "कुशामावशी, तुम्ही काय सांगून ठेवलंय हिला?" तो चिडून म्हणाला. "एवढ्या उन्हात सगळा पारनेरचा माळ दाखवायला लावला मला. दिसंल तिथं गाडी थांबव, दिसंल तिथं थांबव. गुडघे बघा तिचे. पाण्याचा घोट नाही, जेवण नाही, आणि आता दिवस मावळला, म्हणजे उद्या सकाळपर्यंत ती तोंडात काही घालणार नाही."

उगमबाईला दोघांनी धरून ओट्यावर बसवलं. ओठ सुकले होते. चेहरा उन्हानं काळवंडला होता. पण पदराच्या टोकात तिनं काहीतरी गाठ मारून आणलं होतं, ते ती सोडू लागली. आत दोन-तीन वाळक्या काड्या होत्या, बारीक पांढुरक्या बोंडांच्या. कपुरमाधुरी. ओतूरच्या प्रत्येक बांधावर उगवते ती. कुशाबाईनं दहा वेळा टाचली होती.

"ही ना गं, कुशा?" उगमबाई म्हणाली. "ही तीच ना? जरा लहान आहे. पण तीच असंल. इकडच्या मातीत एवढीच होत असंल." आणि तिच्या डोळ्यांत दिसत होतं की ही ती नाही, हे तिला ठाऊक आहे.

पारस गाडी लावायला गेला. कुशाबाई पायरीवर बसली.

"काकी, ही ती न्हाई. पारनेरला न्हाईच. मी खोटं बोलले."

मग तिनं सगळं सांगितलं. टेकाड, गोधड्या, तीन झुडपं, सर, कागद.  सगळं सांगून झाल्यावर उगमबाईनं एवढंच विचारलं, "माझी बुई नदीवर उगवली होती?"

"व्हय."

"ह्यांच्या उशीतली."

"व्हय, काकी."

"इथून दोन हाकांवर. आणि मी इथं बसून होते." तिनं त्या काड्या पदरातून झटकल्या आणि हाक मारली. "पारस, मला आत ने."

सकाळी कॉलेजात जाण्याआधी कुशाबाईनं स्टँडवरच्या लाल डब्यात नाणं टाकून फोन लावला. तेजस्विनीनं ऐकून घेतलं. 

"मावशी," ती म्हणाली, "काल रात्री लेख पूर्ण केला मी."

"माझं चुकलं पोरी. चार दिस आदीच सांगायला पायजे व्हतं."

"तुमचं नाही. सरांनी विचारलं ते तुम्ही दिसलं तसं सांगितलंत." एक सुस्कारा ऐकू आला. "ठिपका काढावा लागेल. पुन्हा लिहावं लागेल सगळं. पण कागद राहू द्या. जुन्या लेबलला हात लावायचा नाही, तशी पद्धतच आहे. शेजारी एक चिठ्ठी चिकटवायची, खरं काय ते लिहून. कुणी सांगितलं, कधी सांगितलं. लिहाल ना?"

"मराठीत चालंल?"

"चालेल की."

दुपारी कुशाबाई जिन्याखाली चिठ्ठी लिहीत बसली होती तेव्हा काठीचा आवाज आला. उगमबाई. सोबत कुणी नाही. कॉलेजच्या आवारात ती पंचावन्न वर्षांत कधी आली नव्हती. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "दाखव."

कुशाबाईनं स्टूल दिलं, कागद उलगडून तिच्यासमोर धरला. उगमबाई बघत राहिली. 

"तीनच होती?"

"तीनच."

"आणि तिन्ही उपटलीस?"

"मुळासकट घ्यायचं असतं, काकी. तसंच शिकवलं व्हतं मला."

"एक ठेवायचं होतंस गं." आवाज वाढला नाही. "एक ठेवलं असतंस तर पसरली असती. वाऱ्यानं जाते ती. माझ्या ओट्यापर्यंत आली असती."

 कुशाबाईनं चिठ्ठी पुढं केली. उगमबाईनं चष्मा लावून अक्षर अक्षर वाचलं. 'हे झाड रानटी नाही. ओतूरचे झुंबरलाल शेठ यांच्या उशीतलं बी, १९९२ साली नदीवर सोडलं. उगमबाईंनी सांगितलं. लिहिणार, कुशाबाई सावळाराम, एप्रिल २००७.'

"ह्यांचं नाव घातलंस?"

"खरं हाय ते."

उगमबाईचा हात पुढं आला आणि कुशाबाईनं 'नको' म्हणायच्या आत तिची बोटं फुलोऱ्यावर टेकली. सगळी पाची बोटं, हळूच, झोपलेल्या माणसाच्या केसांवरून फिरवावीत तशी. मग ती बोटं नाकाकडं जायला लागली.

"आवं नको! इखारी औषध लावलंय त्याला!" कुशाबाईनं तिचं मनगट पकडलं. "कीड लागू नये म्हनून लावतो आमी. चला, हात धुवा आदी."

"धुते मी."

"तुमी न्हाई. नीट जात न्हाई ते."

तिनं उगमबाईला कोपऱ्यातल्या बेसिनपाशी नेलं, नळ सोडला आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन साबण लावला. बोटं वाळक्या काड्यांसारखी झाली होती. नखांखालून, बोटांच्या बेचक्यांतून, अंगठ्याच्या मागून. दोनदा.

"ती पोरगी काय म्हणाली?" उगमबाईनं विचारलं.

"ठिपका काढनार म्हनली."

"कसला ठिपका?"

मग नळ वाहत असताना कुशाबाईनं नकाशाचं सांगितलं. तो कोरा भाग, तो तीळ, आणि त्या तिळाला लागून असलेलं आपलं नाव. ती हे पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती. उगमबाई मान वाकडी करून तिच्या तोंडाकडं बघत होती.

"म्हणजे तुझं नाव गेलं?"

"कागदावर हाय. नकाशावर न्हाई."

"मग सांगितलंस कशाला? मला काय कळणार होतं? मी काय इथं येणार होते?"

"तुमी उन्हात पारनेरला गेला म्हनून."

 उगमबाईनं हात काढून घेतला नाही. कुशाबाईनं नळ बंद केला आणि पुसायला काही दिसेना म्हणून आपला पदर पुढं केला. वर घंटा झाली, पेपर सुटला. डोक्यावरच्या जिन्यावरून शे-दोनशे पोरं धडधडत खाली उतरली आणि फाटकाकडं गेली. जिन्याखाली वाकून कुणी पाहिलं नाही. आवाज थांबेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.